साडेबाराच्या आत आठ जण

आमच्या साडूनं आजवर एकही वस्तू छापील किमतीला घेतलेली नाही, आणि एकाही माणसाशी समोरासमोर भाव केलेला नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावतात हे बघायचं असेल तर त्याला कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात गाठावं. भाजीवालीनं मेथीची पेंडी वीस रुपयाला सांगितली की हा वीस रुपये काढून देतो. पेंडी सुकलेली असली तरी देतो. शेवटी ती बाईच ओशाळून वर मूठभर कोथिंबीर घालते, आणि ती घेताना याचे कान लाल होतात. हाच माणूस घरी येऊन पलंगावर मांडी ठोकतो आणि मोबाईलवर तीन तास घालवून बँकॉकच्या कुठल्याशा हॉटेलातल्या दोन माणसांच्या नाश्त्यावर चाळीस टक्के सूट मिळवतो.

तोंडावर मी त्याला ‘पावणं’ म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो. साडू म्हणजे नात्यानं बरोबरीचा, मान राखावा लागतो. इथं लिहिताना मात्र मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. एवढी सवलत मलाही मिळायला हरकत नाही.

मी भाव करणारा माणूस आहे. उचगावातून सायकलच्या कॅरेजवर नट-बोल्टचं पोतं बांधून सुरुवात केली. आज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या निम्म्या शेडना माझ्या दुकानातून माल जातो. मला कुणी काही दिलेलं नाही. जे मिळालं ते बोलून मिळालं. भाव करायचा तर समोर माणूस पाहिजे. त्याचा चहा आपण प्यायचा, आपला त्यानं. त्याच्या पोराची शाळा विचारायची, त्याचा आवाज कुठं सैल पडतो ते ऐकायचं, दोनदा उठून पायात चप्पल सरकवायची आणि तिसऱ्यांदा त्यानं हाताला धरून खाली बसवायचं. घरी जाताना दोघांनाही वाटलं पाहिजे की आपण जिंकलो. यात अपमान होतात, भांडणं होतात, माझा आवाज चढतो, डॉक्टर म्हणतो रक्तदाबही चढतो. पण त्यात दोन माणसं असतात. साडूच्या व्यवहारात एक माणूस असतो आणि एक मोबाईल.

तो पाटबंधारे खात्यात कारकून होता. तीस वर्षांत त्यानं साहेबाला उलट उत्तर दिलं नाही, शिपायालाही दिलं नाही. निवृत्त झाला आणि त्याला परदेश बघायची हौस सुटली. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. पण देश बघायला जाणारा माणूस आधी काय बघतो? देऊळ, समुद्र, किल्ला. हा आधी बघतो की तिथले लोक कुठल्या साइटवर व्हाउचर घेतात.

गोळ्या ठेवायची प्लास्टिकची डबी असते ना, सोमवार ते रविवार सात खणांची, तसली एक त्याच्या शर्टाच्या खिशात असते. त्यात गोळ्या नाहीत. सोमवारात थायलंडचं सिम कार्ड, मंगळवारात मलेशियाचं, बुधवारात व्हिएतनामचं, गुरुवारात सिंगापूरचं. शुक्रवारपासून पुढचे खण मोकळे आहेत आणि तेवढ्यासाठी तरी त्याला दीर्घायुष्य पाहिजे.

“पावणं,” तो मला समजावतो, “परदेशात जाऊन परदेशी ऱ्हायचं न्हाय. तितला व्हायचं. प्रत्येक गावात दोन किमती असत्यात. एक पावण्याची, एक घरच्याची. तुमी इंग्रजी पान उघडलासा की पावण्याची किंमत. त्यांच्या भाषेतलं पान उघडलं, त्यांचा मोबाईल नंबर घातला, की घरच्याची.”

“आमच्यात पावण्याला फुकट जेवाय घालत्यात,” मी म्हणालो.

“त्ये तुमच्यात. जगात न्हाय.”

थाई लिपीतलं पान उघडून, त्यावर दुसऱ्या मोबाईलचा कॅमेरा धरून तो भाषांतर वाचतो. मोठ्यानं वाचतो. लोक सकाळी स्तोत्रं म्हणतात, हा अटी म्हणतो. एकदा मी त्याच्या घरी गेलतो, तर आतून गंभीर आवाज आला, “आपला आनंद फक्त मंगळवारी वैध आहे.” मला वाटलं, कुणाचं प्रवचन लावलंय. हा पाय चोळून घ्यायचं व्हाउचर वाचत होता.

त्या व्हाउचरची पुढची हकीकत अशी, की ते दुकान बँकॉकच्या पार दुसऱ्या टोकाला निघालं. दोन रेल्वे, एक बस आणि वर तीन-चार किलोमीटरची पायपीट. माझी मेव्हणी, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, चालून चालून रडकुंडीला आली. वाटेत पाय चोळून देणारी पन्नास दुकानं लागली असतील. याला विचारलं तर म्हणतो, “पाय दुखलं म्हणूनच मालिश लागू पडलं.” यावर काय बोलायचं?

त्याच दौऱ्यातली वाढदिवसाची गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, त्यामुळे मी सांगायला हरकत नाही. तिकडच्या काही हॉटेलांत, ज्याचा त्या महिन्यात वाढदिवस असेल त्याचं जेवण फुकट, फक्त बरोबरच्यानं पुरे पैसे द्यायचे. यानं सहलीचा महिनाच त्या हिशेबानं धरला. मग सोमवारी बायकोचा वाढदिवस, बुधवारी वाढदिवस, गुरुवारी वाढदिवस, शनिवारी वाढदिवस. दर वेळी पासपोर्ट दाखवायचा. दर वेळी चार वेटर टाळ्या वाजवत येणार, मेणबत्ती लावणार, गाणं म्हणणार आणि सगळं हॉटेल वळून बघणार. मेव्हणी मला म्हणाली, “भाऊजी, मी त्या आठवड्यात चार वर्षांनी म्हातारी झाले.” आम्ही सगळे हसलो. तोही हसला. त्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय.

तोवर मीही हसत होतो. माणूस विचित्र आहे, निरुपद्रवी आहे, असं माझं मत होतं. भाव करणाऱ्या माणसानं कुणालाही निरुपद्रवी समजू नये, आणि मी त्याला तसा समजलो.

माझी मुलगी गौरी चार वर्षं सिंगापूरला नोकरी करते. तिथंच तिला एक मुलगा आवडला. घराणं आपल्याच लोकांतलं, मूळचे निपाणीकडचे, पंचवीस वर्षांमागं तिकडं गेलेले. मुलगा चांगला, बाप शांत, आई करारी. लग्नाला कुणाचीच ना नव्हती. प्रश्न एकच होता, लग्न कुठं करायचं. मुलाच्या आईचं म्हणणं, सिंगापूरला नोंदणी, जवळची दहा-बारा माणसं, संपलं. माझं म्हणणं, कोल्हापूर.

मला कोल्हापूरच पाहिजे होतं आणि त्याचं कारण श्रीमंती दाखवायची हौस नव्हती. सायकलवरून माल विकायचो त्या दिवसांत दुपारी एखाद्या शेडवर गेलो की मालक घरच्या लग्नाला गेलेला असायचा. मी निरोप ठेवायला मांडवात जायचो, आणि घामट शर्टातल्या मला हाताला धरून पंगतीत बसवायचे. आमंत्रण नाही, ओळख नाही, “बसा पावणं, पान वाढलंय” एवढंच. अशी शंभर एक लग्नं मी जेवलोय. ती माणसं आता म्हातारी झालीत. मला एकदा, एकदाच, माझ्या मांडवात त्यांना हाताला धरून बसवायचं होतं. हजार पानं. मला एकच मुलगी आहे, म्हणजे मांडव एकदाच पडणार.

गौरीनं फोनवर सांगितलं, “पप्पा, त्या ‘नाही’ म्हणत नाहीत. तुम्ही येऊन बोला. पण ओरडायचं नाही. त्यांच्यासमोर एकदाही आवाज चढवायचा नाही. कबूल?”

कबूल केलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा होता आणि तो न ओरडता करायचा होता. मी महिनाभर विचार केला. पहिलं जेवण मुलीकडच्यांचं असतं, म्हणजे आमचं. तिथं त्यांना इतका मान द्यायचा की वरमाईला वाटलं पाहिजे, सिंगापुरात हे असं, तर कोल्हापुरात आपलं काय करतील ही माणसं! दारात उभं राहून आणायचं, मधल्या खुर्चीवर बसवायचं, आधी त्यांना वाढायचं, त्यांचं झाल्यावर आपण. आणि शेवटी गोडावर आली की हळूच विषय काढायचा. समोरच्याला आधी मोठं करायचं, मग मागायचं. या रीतीनं मी फौंड्रीवाले वाकवलेत.

बायकोनं बहिणीला बरोबर घेतलं, आणि बहिणीबरोबर तो आला.

सिंगापूरच्या विमानतळावर गौरी बाहेर फुलं घेऊन उभी, आणि हा आत तासभर त्या गुरुवारच्या खणातल्या सिमशी झटत बसला. ते बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी एका बागेत गेलो. तिथं रहिवाशांना तिकीट कमी. यानं गौरीच्या घराचं विजेचं बिल बरोबर आणलं होतं, आम्ही पाचही जण त्या पत्त्यावर राहतो म्हणून दाखवायला. गौरीची एक खोली आहे. दारावरच्या पोरीनं ते बिल दोन्ही बाजूंनी बघितलं, आम्हा पाच जणांकडं बघितलं, आणि तिलाच आमची दया आली असावी. तिकिटं मात्र पुऱ्या किमतीची फाडली. हा एक शब्द बोलला नाही. माणूस समोर आला की याची वाचा बसते.

जेवणाचं हॉटेल ठरवायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, “त्ये माझ्यावर सोडा. शाकाहारी हॉटेलं मला पाठ हैत.”

“सोडतो. पण पैशाकडं बघू नका पावणं. पाया पडतो.”

“पैशाकडं कोण बघतंय?” त्यानं मोबाईलवरून मान वर केली नाही.

मी नाही म्हणणार होतो. बायकोनं मला बाजूला घेतलं. “अहो, सगळं तुम्हीच करायचं का? त्यांनाही जरा मोठेपणा घेऊ द्या की.” घेऊ दिला. यात माझीही चूक आहे आणि ती मी इथं लिहून मोकळा होतो.

व्हाउचर असल्याचं मला ठाऊक नव्हतं. त्यानं गौरीला ऑफिसात फोन करून कसलासा ओटीपी मागितला, तिनं मीटिंगमधून सांगितला. झालं. पुढं मी त्या व्हाउचरच्या अटी इतक्यांदा वाचल्यात की मलाही पाठ आहेत. तिथल्या रहिवाशाच्या नावावर, आठ जणांचं जेवण, पैसे पाच जणांचे. आठही जण दुपारी साडेबाराच्या आत टेबलाशी बसलेले पाहिजेत. एकही खुर्ची मोकळी दिसली तर सवलत रद्द.

आम्ही पाच आणि ते तिघे, बरोबर आठ. हिशेब चोख होता. फक्त त्यात माणसं धरलेली नव्हती.

लिटल इंडिया म्हणतात त्या भागात, जिन्यानं वर पहिल्या मजल्यावर हॉटेल. बारा वाजता आम्ही पोचलो. मोठं टेबल, पांढरी चादर, आठ खुर्च्या. मला बरं वाटलं. मी म्हणालो, “पावणं, चांगलं काम केलंत.” त्याला मी आयुष्यात दिलेली ती एकच शाबासकी. मग मी, बायको आणि गौरी खाली रस्त्यावर येऊन उभे राहिलो. व्याही यायच्या वेळी आपण दारात पाहिजे, वर पंख्याखाली नव्हे. साडू आणि मेव्हणी वर थांबले.

सव्वाबाराला मुलाचा फोन आला. आईची पूजा लांबली होती, त्यांना एक वाजणार होता. मी म्हणालो, सावकाश या. मला घाई नव्हती. गौरीनं वर काकांना, म्हणजे साडूला, निरोप कळवला. “काका नुसतेच ‘बरं’ म्हणाले,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं पिवळ्या टोप्या घातलेली सहा माणसं आली. सहलीच्या कंपनीनं दिलेल्या टोप्या, गळ्यात पट्ट्या, चेहऱ्यावर ऊन. ती आपसात मराठी बोलत होती. मी विचारलं, “कुठलं पावणं?”

“कबनूर. यंत्रमाग हैत आमचं. ह्यो टूरवाला चार दिस निस्ता पुलावच घालायलाय बगा. वर चपाती मिळती काय?”

“मिळती की. जावा वर.”

मीच पाठवलं. माझ्या तोंडानं.

एक वाजून दहा मिनिटांनी व्याह्यांची टॅक्सी आली. मी दार उघडलं. बायकोनं विहिणीचा हात धरला. व्याही म्हणाले, “उशीर झाला, माफ करा.” मी म्हणालो, “तुमची वाट बघण्यात आमचा मान आहे.” हे वाक्य मी कोल्हापूरहून तयार करून आणलं होतं. वरमाई हसल्या. जिना चढताना त्या गौरीला म्हणाल्या, “तुझे पप्पा तू सांगतेस तेवढे तापट वाटत नाहीत गं.” मला वाटलं, कोल्हापूर जवळ आलं.

वर पोचलो. आमच्या टेबलाभोवतीच्या आठही खुर्च्या भरलेल्या होत्या. एका टोकाला साडू, त्याच्या शेजारी मान खाली घातलेली मेव्हणी, आणि उरलेल्या सहा खुर्च्यांवर सहा पिवळ्या टोप्या. मधल्या खुर्चीवर, जी मी विहिणीसाठी मनात धरली होती, त्यांच्यातला सगळ्यात थोराड माणूस बसला होता आणि पुरी मागायला त्यानं हात वर केला होता. चादरीवर आमटीचं तळं झालं होतं.

साडू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. असा उजळलेला मी फक्त परीक्षेत पास झालेल्या पोराचा बघितलाय.

“आलासा? या, या. काळजी नगो. साडेबाराला आठ मोजून गेला त्यो. आता कोणबी उठलं तर चालतंय.”

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. विहीणबाईंच्या लक्षात लगेच आलं. त्यांनी टेबलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसू तसंच ठेवलं. त्या हसण्यात मघाचं काही नव्हतं.

कबनूरची माणसं चांगली होती. गडबडीनं उठली, ताटं सरकवली, एकानं चादरीवरची आमटी रुमालानं पुसायला घेतली. “बसा, बसा, आमचं झालंय. आमाला काय ठावं न्हवतं बगा. हे पावणं म्हणाले, पैसे भरल्यात, निस्तं बसायचं हाय.” त्यांच्यावर माझा आजही राग नाही. आमंत्रण नसताना पंगतीत बसलेला माणूस मी ओळखतो.

मग मॅनेजर आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आठ जणांचं जेवण झालं, आता हे सहा नवे, यांचे पुरे पैसे लागतील. साडूला माणसाशी बोलता येत नाही हे मी सांगितलंच. त्यानं मोबाईल मॅनेजरच्या नाकासमोर धरला आणि अट क्रमांक सात बोटानं दाखवू लागला. बोट दाखवायचं, मॅनेजरकडं बघायचं, परत बोट. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाला, “बगा की पावणं, आठ बसाय पायजेत असं लिवलंय. शेवटपत्तुर त्येच आठ, असं कुठं लिवलंय?”

व्याही उभे. विहीण उभ्या. मुलगा बुटाकडं बघत उभा. आणि त्यांच्यासमोर आमच्याकडचा वडीलधारा माणूस त्यांच्याच जेवणाची घासाघीस करतोय, तीही मुक्यानं.

ओरडायला मी तोंड उघडलंही होतं. गौरीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं, खिशातून कार्ड काढलं आणि मॅनेजरला म्हणालो, “चौदा जणांचे घे. पुरे.”

“चौदांचं कशाला? आठ तर...” साडू म्हणाला.

“बसा पावणं,” मी म्हणालो. माझा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

चादर बदलली. सगळे बसले. आता जमेल तेवढं सावरायचं असं मी मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात तो थोराड कबनूरकर निरोप घ्यायला आला. माझा हात हातात धरला. “लई उपकार झालं. पोरीचं लगीन कोल्लापुरात हाय म्हणं. ह्या पावण्यांनी सांगितलं. आमी सगळी येणार बगा. बोलवा न बोलवा, येणार!”

एरवी हे ऐकून मी त्याला मिठी मारली असती.

विहीणबाई म्हणाल्या, “बघा, बसल्या जागी सहा वाढले.” गमतीनं म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो आणि वाढायला उठलो. मी स्वतः वाढलं, वेटरला बाजूला करून. व्याह्यांना आग्रह केला. ते जेवले. श्रीखंड आलं. हीच ती वेळ होती.

मी म्हणालो, “ताई, एक मागणं आहे. लग्न आमच्या दारात करू द्या. तुमचा मान कुठं कमी पडणार नाही. हजार माणसं आशीर्वाद द्यायला येतील.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. आवाज चढवला नाही, टोमण्याचा सूरही लावला नाही. “तुमच्या शब्दाबद्दल शंका नाही,” त्या म्हणाल्या. “पण मी खरं विचारते. इथं आठच माणसं होती, तर आमची खुर्ची राहिली नाही. हजार माणसांत ती कोण राखणार?”

किमती मला सांभाळता येतात. कुणी म्हणालं महाग आहे, मी खाली येतो. कुणी म्हणालं माल हलका आहे, मी बदलून देतो. पण बाई बरोबर बोलत होती आणि पुरावा समोर धुण्याच्या टोपलीत, आमटीनं भिजलेल्या चादरीच्या घडीत पडला होता. “तसं होणार नाही,” एवढंच मी म्हणालो. हे कुठलाही दुकानदार म्हणतो. मी स्वतः कधी ऐकून घेत नाही.

व्याह्यांनी विषय बदलला. ते भले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी एकटा गेलो. चहा प्यालो, मुलाच्या बालपणीचे फोटो बघितले, दोनदा विषय काढला. विहीणबाईंनी दोन्ही वेळा बिस्किटं पुढं केली. चप्पल घालून उठलो तेव्हा हाताला धरून कुणी खाली बसवलं नाही.

लग्न सिंगापूरलाच झालं, तीन महिन्यांनी. एका कार्यालयात सह्या झाल्या, मग एका छोट्या सभागृहात हार घातले. आमची सहा माणसं, त्यांची आठ. गौरी सुंदर दिसत होती. आनंदात आहे, अजूनही आनंदात आहे, आणि बापाला आणखी काय पाहिजे, असं मला बरेच जण ऐकवतात. त्यांना मी कोल्हापूरच्या मांडवाचं काय सांगू? बायको म्हणाली, नंतर इथं एक जेवण घालू. जावयाला रजा मिळाली चार दिवसांची, विहीणबाई आल्याच नाहीत. नवरा-नवरी फोटोत आणि लोक ताटावर, तसलं जेवण घालायला माझं मन झालं नाही. बाजारात म्हातारे हमाल, जुने शेडवाले विचारायचे, “शेट, तारीख कवा धरलीया?” आता विचारत नाहीत. त्यातले दोघे तर विचारायलाही राहिले नाहीत.

त्या लग्नाला तोही होता. मावशीचा नवरा, त्याला वगळणार कसा? परत येताना सिंगापूरच्या विमानतळावर मुंबईच्या विमानाला तीन तास होते. बायका दुकानं बघायला गेलेल्या. तो माझ्या शेजारी बसून मोबाईलवर काही बघत होता. मी ठरवलं होतं, आज बोलायचं. इथं गौरी नाही, विहीण नाही, ओरडायला सगळा विमानतळ मोकळा आहे. तीन महिने साठवलेलं सगळं मी जिभेवर आणून ठेवलं होतं. मी त्याच्याकडं वळलो.

त्याच वेळी तोही माझ्याकडं वळला. मोबाईल त्यानं खिशात ठेवला होता. हे तो क्वचित करतो.

“पावणं, एक बोलू काय? बरेच दिवस मनात हाय.”

“बोला.”

“हजार माणसांचं जेवण, मांडव, आहेर, सगळं वाचलं तुमचं. चौदा माणसांत पोरगीचं लगीन. मी एवढं देश फिरलो, एवढी व्हाउचरं लावली, पर अशी सूट मला जन्मात कुठं मिळाली न्हाय. कसं जमवलासा?”

मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. समोरच्याच्या तोंडावरून त्याच्या मनातलं ओळखण्यावर मी पोट भरलंय. टोमणा असता तर मी तिथल्या तिथं व्याजासकट परत केला असता. टोमणा नव्हता. त्याला माझा हेवा वाटत होता.